उशीला शाब्बासकी

"मुलगी माझी आहे!"

"असेल ना. नाही कोण म्हणतंय? पण मग रोज शाब्बासकी कोणाला देत होतात? उशीला?"

"बाई, तोंड सांभाळून बोला."

"सांभाळूनच बोलतेय, साहेब. सांभाळलं नसतं तर एव्हाना तुमचं नाक लाल झालं असतं."

कोपऱ्यात चित्रं रंगवणाऱ्या पोरांमधून एक हसू फुटलं आणि लगेच गिळलं गेलं. साहेबांचं नाक खरोखरच लाल झालं होतं. त्यांच्या एका मुठीत दाराजवळच्या खिळ्यावरून ओरबाडून घेतलेली किल्ली होती आणि दुसऱ्या काखेत एक शाळेचं जॅकेट होतं, उशी कोंबून फुगवलेलं, बाह्या लोंबणारं. त्याच्या टोपीत मुलीच्या डोक्याएवढा चेंडू बसवलेला होता. साहेब तो ऐवज असा कवटाळून उभे होते, जणू बुडत्या माणसाला पाण्यातून काढून आणलंय.

आणि ज्या मुलीवरून हा सगळा तमाशा चालला होता ती, खारू, टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि बापाच्या हातातल्या किल्लीकडे बघत होती.

शिट्टीमावशीची ही खोली इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्यामागे, विजेच्या मीटरांना लागून. शाळा सुटल्यापासून आई-बाप कामावरून येईपर्यंत पोरं इथे असतात. 'शिट्टीमावशी' हे नाव तिला बसने दिलं. शाळेच्या बसमध्ये पोरं चढवायचं आणि उतरवायचं काम तिने अर्धं आयुष्य केलं. नवराही त्याच बसचा ड्रायव्हर. तो हॉर्न वाजवायचा, ही शिट्टी, आणि घरीही दोघांचं बोलणं साधारण तसंच चालायचं असं ती स्वतःच सांगते.

शिट्टी तोंडात नसली की तिथे शब्द असत, आणि ते शिट्टीपेक्षा लांब जात. तिच्या जिभेला हाड नव्हतं हे खरं, पण काटे भरपूर होते. दारात उभं राहून "आमच्या बाळाला खिडकीची जागा हवी हं" म्हणणाऱ्या आईला ती म्हणायची, "देते की. बाळाला खिडकी, तुम्हाला टप."

पण त्या कामातलं एक दृश्य तिला सोडायचं नाही. दुपारी पोरगं उतरतं. गळ्यातली दोरी ओढून किल्ली काढतं. टाचा उंच करून कुलपाशी खटपट करतं. दार उघडतं, आत अंधार, "आलास का रे?" म्हणायला कोणी नाही. दार मिटतं. शाळेचे व्यवस्थापक म्हणत, "दार उघडलं की आपली जबाबदारी संपली." मावशी म्हणायची, "हो, कुरिअरवाल्याचीही तेव्हाच संपते. तो निदान सही घेतो."

नवरा गेला, गुडघे गेले, बस सुटली. मुलगा परदेशात. तो रविवारी फोनच्या पडद्यावर दिसतो आणि विचारतो, "आई, बरी आहेस ना?" मावशी म्हणते, "दिसतंय ना तुला? मग विचारतोस कशाला?" तो बिचारा हसतो. फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ त्या काळ्या काचेकडे बघत बसते, आणि हे कोणाला सांगत नाही.

तर अशी ही बाई. तिने खोलीत चटया घातल्या, एक लांब टेबल आणलं आणि दाराजवळच्या फळीवर खिळे ठोकले. तिच्याकडे नियम एकच. आलेल्या पोराने गळ्यातली किल्ली काढून आपल्या खिळ्याला लावायची. लावली की मावशी विचारणार, "आलीस?" आणि पोरीने म्हणायचं, "आले." मग दूध, केळं, दंगा, गृहपाठ, ज्याला जे सुचेल ते. खिळ्यावरची किल्ली पोरांनी काढायची नाही. घ्यायला आलेल्या मोठ्या माणसाने काढायची आणि पोराचा हात हातात घ्यायचा. हात नाही तर पोर नाही. गाडीत बसून हॉर्न वाजवणाऱ्या बापांना मावशी खिडकीतून आपली जुनी शिट्टी वाजवून उत्तर द्यायची. दोन दिवसांत ते खाली उतरायला शिकायचे.

पालक ही जात मावशीला अजिबात आवडत नसे. पोरं आवडत, पण ती पालकांकडूनच येतात हा तिचा नाइलाज. एक आई होती, ती म्हणायची, "मी मुलाला वेळ कमी देते, पण जो देते तो दर्जेदार देते." मावशी म्हणाली, "वेळाला कसला दर्जा गं? दर्जा दुधाला असतो. आणि तेही पोटभर लागतं." त्या आईने दुसऱ्या दिवशी मुलाला पोहण्याच्या वर्गात घातलं. मावशीने हा किस्सा चार ठिकाणी सांगितला, चारही ठिकाणी टाळ्या मिळवल्या. रिकाम्या खिळ्याबद्दल मात्र कोणी विचारलं नाही, आणि तिनेही तो विषय काढला नाही.

खारूचं तसंच झालं. खारू हे नाव पोरांनी ठेवलेलं. ही पोर गालात काहीतरी साठवून ठेवल्यासारखी गप्प असायची आणि मग एकदम कुठेतरी सुळकन चढून बसायची. तिचे वडील मोठ्या गोदामात पर्यवेक्षक. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, समोर भिंतभर पडदे, पडद्यांत खोकी भरणारी माणसं. कोण काम करतंय आणि कोण वेळ काढतंय, हे ओळखायचं. "माझी नजर पडली की माणूस लपू शकत नाही," असं ते लिफ्टमध्ये अनोळखी लोकांनाही सांगत. आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, सुई घालायची. कमी बोलायची. ज्यांच्या हाती सुई असते त्यांनी कमी बोलावं हेच बरं, नाही का?

गेल्या वर्षी साहेब मुलीला न्यायला सारखे उशिरा येऊ लागले. एका संध्याकाळी दारात चांगले सात-आठ पालक जमलेले असताना मावशीने साधली संधी. "काय हो साहेब, तुमच्या गोदामातली खोकी म्हणे अगदी वेळेवर पोचतात. हिला खोक्यात घालून ठेवू का उद्यापासून?"

हशा पिकला. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी खारूचा खिळा रिकामा.

वर तिसऱ्या मजल्यावर कॅमेरा बसला. खुर्चीच्या मागे, कपाटावर. टेबलावर स्पीकर, म्हणजे साहेबांना केबिनमधून बोलता यावं. "मुलीला स्वावलंबी करायचंय," असं ते म्हणाले. मुलीला स्वावलंबी करायचं म्हणजे आपण हात झटकायचे, हा अर्थ कोणत्या शब्दकोशात दिलाय ते मावशीने चौकशी करून बघितलं असतं, पण तिला कोणी विचारलं नाही. तिला दिसायचं ते एवढंच. दुपारी बसमधून खारू उतरायची, गळ्यात किल्ली, मावशीच्या दारावरून जाताना क्षणभर आत बघायची आणि जिना चढायची. खोक्याच्या विनोदाला मग मावशीने सुट्टी दिली. त्याची कोणी आठवण करून दिली तरी तिला हसू येईना.

आणि मग एका दुपारी खारू आत आली. खिळ्याला किल्ली लावली.

"आलीस?" मावशीच्या तोंडून सवयीने गेलं.

"आले."

"बाबांना सांगितलंस?"

"बाबांना मी दिसतेय की."

"म्हणजे?"

"खुर्चीत बसलेय. अभ्यास करतेय."

खारूने मग गालातला सगळा साठा बाहेर काढला. जॅकेटमध्ये उशी, टोपीत चेंडू, समोर उघडं पुस्तक. कॅमेऱ्याला पाठच दिसते. बाबा अधूनमधून स्पीकरवरून बोलतात, "सरळ बस," मग थोड्या वेळाने, "शाब्बास." उशी सरळच बसते.

मावशीची हसून हसून मुरकुंडी वळली. डोळे पुसत ती म्हणाली, "अगं, पण का गं? घरी बसायला काय होतं तुला?"

खारूने खांदे उडवले. "घरात कोणी नसतं ना, आणि मध्येच कोणीतरी बोलतं."

हसू तिथल्या तिथे वाळलं. खरं तर तेव्हाच मावशीने उठून पोरीच्या आईला गाठायला हवं होतं. शहाण्या बाईने तेच केलं असतं. पण मावशीला त्या माणसाची उशीने केलेली फजिती इतकी गोड लागली होती की ती संपवावी असं तिला वाटेना. रोज दुपारी ती खारूला विचारायची, "काय म्हणाले आज साहेब उशीला?" आणि दोघी हसायच्या. आई-बाप परतायच्या आत खारू आपली आपणच किल्ली काढून वर पळायची; नियम मावशीने तिच्यापुरता वाकवला होता. टेहळणीसाहेब, हे नाव मावशीने तेव्हाच ठेवलं.

आज दुपारी टेहळणीसाहेबांनी काय करावं? गोदामात खोकी भरणाऱ्यांना सुस्ती आली म्हणून त्यांना केबिनमध्ये रांगेत उभं केलं आणि कोपऱ्यातला घरचा पडदा मोठा करून दाखवला. "ही बघा माझी मुलगी. केव्हाची बसलीय, मान वळवलेली नाही. याला म्हणतात एकाग्रता! शिका काहीतरी." आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज पूर्ण चढवून ते स्पीकरमध्ये गरजले, "शाब्बास, बेटा!"

टेबल थरथरलं. खारूचं डोकं हललं. मग मानेवरून सुटलं, पुस्तकावर आपटलं, एक उडी मारून खाली पडलं आणि सोफ्याखाली गेलं.

साहेब जे किंचाळले ते म्हणे गोदामाच्या पार मागच्या दारापर्यंत ऐकू गेलं. तोंडचं पाणी पळालेले साहेब मालाच्या टेम्पोत बसून घरी आले, बरोबर खोकी भरणारे दोघं, एकाच्या हातात प्रथमोपचाराची पेटी. तुटलेल्या डोक्यावर पट्टी बांधायला! तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तर आत उशी. खोकी भरणाऱ्यांपैकी एकाने सोफ्याखालून चेंडू काढून अदबीने परत टोपीत बसवला आणि ऐवज साहेबांच्या हातात दिला. आणि तेवढ्यात खालून, मीटरांच्या बाजूने, खारूचं हसू ऐकू आलं.

म्हणून आता ही खोली, ही किल्ली, ही काखेतली उशी.

"माझ्या मुलीला माझ्याशी खोटं बोलायला शिकवलंत तुम्ही," साहेब म्हणाले.

"ती एक शब्द बोलली नाही, साहेब. बोलत होतात तुम्हीच. तिकडून कोणी उत्तर देत नाही, एवढंही कळलं नाही तुम्हाला?"

"मला वाटलं ती अभ्यासात आहे!"

"पाणी प्यायला उठत नाही, नाक खाजवत नाही, पाय हलवत नाही, अशी पोर कधी पाहिलीत? दगड तरी ऊन-सावलीत सरकल्यासारखा वाटतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, साहेब. साऱ्या गोदामावर नजर, आणि घरात—"

"बास!" साहेबांनी तो ऐवज टेबलावर आदळला. चेंडू टोपीतच राहिला. "उद्यापासून शाळेतून थेट घरी. दुसरा कॅमेरा लावतो. समोरून. आणि दाराला बाहेरून उघडणारं कुलूप. बघतो कशी खाली येते ती."

टेबलाखाली काहीतरी हललं. मावशीने वाकून बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, खारूने तिच्या साडीची कड पकडली होती.

बाहेरून कुलूप. मावशीच्या जिभेवर उत्तर तयार होतं, आणि काय उत्तर होतं! तुरुंगातही पहारेकरी दारात असतो, साहेब, तो गोदामातून पहारा देत नाही. नुसतं सोडायचं होतं. कोपऱ्यातली पोरं कान टवकारून बसलेली, दारात आणखी दोन आया येऊन थांबलेल्या. टाळ्या हमखास होत्या. त्या टाळ्यांमागून येणारा रिकामा खिळाही हमखास होता.

मावशीने उत्तर गिळलं. नजर खाली, टेबलावरच्या जॅकेटकडे गेली, आणि तेव्हा तिला ती दिसली.

वेणी.

टोपीच्या मागून काळ्या लोकरीची एक वेणी बाहेर काढलेली होती. तीन पेडांची, घट्ट, खाली रिबिनीचं फूल. वरून टोपीला शिवलेली, बारीक टाक्यांनी, एका ओळीत, एकही टाका इकडचा तिकडे नाही. खारूने उशी सांगितली होती, चेंडू सांगितला होता. वेणीबद्दल कधीच काही बोलली नव्हती.

"काय झालं? बाहेरपर्यंत आवाज येतोय." दारातल्या आयांना बाजूला करत खारूची आई आत आली. अंगात प्रयोगशाळेचा पांढरा कोट, हाताला स्पिरिटचा वास. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे, आणि ती जागच्या जागी थांबली.

"ये, ये!" साहेबांना नवा प्रेक्षक मिळाला. "बघ तुझ्या मुलीचे प्रताप. गोदामातल्या सगळ्यांसमोर माझं हसं झालं. आणि या बाई रोज तिला इथे लपवून घेत होत्या. तू काही बोलणार आहेस का?"

तिचे डोळे वेणीवर होते. मावशीचे तिच्यावर.

मावशीला सगळं कळलं, आणि कळल्याबरोबर मोह झाला. एक वाक्य, साहेबांच्या डोक्यावरची उरलीसुरली टोपीही उडाली असती. पण त्या वाक्याची किंमत ही पांढऱ्या कोटातली बाई घरी जाऊन भरणार होती, आणि तिच्यामागोमाग पोर. मावशीने आयुष्यात जे केलं नव्हतं ते केलं. हात जोडले.

"साहेब, चुकलं माझं. खोक्यावरून बोलले होते ना मागे, तेही जास्तच बोलले. राग माझ्यावर काढा. हवं तर उद्या येऊन सगळ्यांसमोर मला बोला, मी ऐकून घेईन. पण पोरीला कुलपात घालू नका. तिला येऊ द्या."

पोरांनी रंगाचे खडू खाली ठेवले. मावशी आणि माफी? त्यांना हे चित्र रंगवताच आलं नसतं.

दुसरा कोणी असता तर विरघळला असता. साहेब फुगले. "आता कसं! आधी उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि आता हात जोडताय. बाई, मुलं वाढवणं म्हणजे बसमध्ये शिट्टी फुंकणं नव्हे. त्याला नजर लागते. बारीक नजर. माझ्या नजरेतून काही सुटत नाही." आणि ती बारीक नजर दाखवायलाच जणू त्यांनी जॅकेट टोपीला धरून उचललं. वेणी त्यांच्या मनगटावर लोंबली.

वेणी त्यांनी बोटांत घेतली. उलटी केली. टाके बघितले. तो त्यांचा धंदाच होता, फक्त आज पहिल्यांदाच त्यांनी एखादी वस्तू पडद्याशिवाय बघितली असावी.

"ही तू शिवलीस?" ते खाली वाकून खारूला म्हणाले.

"मला सुईत दोरा ओवता येत नाही," टेबलाखालून आवाज आला.

ते मावशीकडे वळले. मावशीने आपले दोन्ही हात पुढे केले. वयाने पानांसारखे थरथरत होते ते. "माझ्या हाताची शिवण असती तर डोकं पहिल्याच दिवशी पडलं असतं."

साहेब आता हळूहळू बायकोकडे वळले. मनातल्या मनात त्यांनी कितीतरी दुपारी उलट्या चालवून बघितल्या असाव्यात. चेहऱ्यावरून रंग एकेक करून उतरत गेला.

"तुला माहीत होतं?"

तिने वेणीवरची नजर उचलून त्यांच्याकडे बघितलं.

"ही वेणी तू शिवलीस? म्हणजे तूच... रोज माझ्या डोळ्यांदेखत... का? अगं, मी काय विचारतोय? का?"

ती पुढे आली. नवऱ्याची मूठ तिने हातात घेतली, रुग्णाची घेते तशी, अगदी हलक्या हाताने, आणि बोटं एकेक करून उघडली. किल्ली काढली. दाराजवळ गेली आणि ती खारूच्या खिळ्याला परत लावली, उद्यासाठी. किल्ली थोडी हलली, मग थांबली. मग ती वाकली आणि तिने टेबलाखाली हात पुढे केला. खारूने मावशीची साडी सोडली आणि तो हात धरला.

"मी तुझ्याशी बोलतोय!" साहेब ओरडले. आवाज पूर्ण चढवला होता. टोपीतून चेंडू निसटला, जमिनीवर आपटला आणि घरंगळत त्यांच्या बुटाशी येऊन थांबला.

दारातल्या आयांनी वाट करून दिली. मायलेकी हातात हात धरून बाहेर पडल्या आणि जिना चढू लागल्या.